गाठीभोवतीचं पोट

सीटी स्कॅनच्या मागणीपत्रावर बहुतेक वेळा एकच ओळ खरडलेली असते: ओव्हरीची गाठ, साधी की कॅन्सरची? प्रश्न रास्त आहे. तो पेशंटचा आहे, नातेवाइकांचा आहे, ऑपरेशनची तारीख ठरवायला थांबलेल्या सर्जनचाही आहे. पण सीटीचं यंत्र पोटाकडे कसं पाहतं हे समजून घेतलं, की ध्यानात येतं की या प्रश्नाचं उत्तर त्याला गाठीच्या आत फार थोड्या वेळा सापडतं. पुष्कळदा ते गाठीपासून वीतभर लांब असतं: यकृताच्या वरच्या कडेला, आतड्यांवरच्या चरबीत, जठराच्या भिंतीत, कण्यालगतच्या लसिकाग्रंथींत. माझं म्हणणं असं की ओव्हरीच्या गाठीचा सीटी बाहेरून आत वाचायला हवा, आणि ‘साधी’ किंवा ‘कॅन्सरची’ या एका शब्दाच्या पुढे जाऊन हे पोट कुणी, कुठे आणि कसं उघडायचं, हे रिपोर्टनं सांगायला हवं.

सुरुवात तर त्याहीआधी होते. ओटीपोटात नारळाएवढी गाठ दिसली म्हणजे ती ओव्हरीचीच, असं नसतं. गर्भाशयाच्या बाहेरच्या अंगाला लोंबणारा फायब्रॉइड, अपेंडिक्सची चिकट द्रवानं फुगलेली पिशवी, आतड्याची गाठ, हे सगळे त्याच जागी येऊन बसतात. अशा वेळी वाचणारा एका शिरेचा माग काढतो. ओव्हरीची उजवी शीर पोटातल्या मुख्य नीलेला, मूत्रपिंडाची शीर तिला मिळते त्याच्या जरा खाली मिळते. डावी शीर थेट डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेत उतरते. मॉनिटरवर माउसचं चाक एकेक काप खाली फिरवत जायचं. मांडीकडे उतरणाऱ्या जाड स्नायूच्या पुढ्यात एक पांढरट ठिपका दिसतो. तो नजरेतून सुटू न देता खाली न्यायचा. ठिपका कधी मूत्रवाहिनीच्या शेजारी येतो आणि दोघांत गल्लत होते. मग चार काप मागं येऊन पुन्हा खाली जायचं. शेवटी तो गाठीत शिरला, तर गाठ ओव्हरीची. गाठीला रक्तवाहिन्यांचा पूल गर्भाशयाकडून आलेला दिसला, तर बहुधा फायब्रॉइड. मिनिटभराचं काम आहे, पण ते न करता गाठीवर भाष्य करणं म्हणजे घर कुणाचं ते न विचारता आत शिरणं.

आता गाठीच्या आत. गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या सीटी यंत्रावर 1971 साली लंडनमध्ये पहिल्या पेशंटचा मेंदू पाहिला गेला. यंत्रं तेव्हापासून कितीतरी वेगवान झाली, पण मोजमाप तेच राहिलं. क्ष-किरण शरीराच्या प्रत्येक कणात किती अडले, हे सीटी मोजतो आणि त्याला एक आकडा देतो. पाणी शून्य, हवा उणे 1000, चरबी साधारण उणे 100 च्या आसपास, मऊ मांस अधिक 40-50, हाडं कित्येकशे. म्हणजे सीटीला रंग, पोत, प्रवाहीपणा काही कळत नाही. त्याला फक्त घनता कळते. एका प्रकारच्या गाठीत मात्र ही घनताच सगळं सांगून जाते. तरुण मुलींच्या ओव्हरीत आढळणारी डर्मॉइड ही गाठ तेलकट चरबी, केस आणि कधी कधी चक्क दातानं भरलेली असते. काळसर भागावर माउसनं एक छोटं वर्तुळ काढलं आणि आकडा उणे 90 आला, शेजारी भिंतीला लागून दातासारखा पांढराशुभ्र कण चमकला, की गाठीचं नाव ठरलं. चरबी वर तरंगते आणि द्रव खाली बसतो, त्यामुळे आडव्या झोपलेल्या पेशंटमध्ये दोघांमधली रेघ पाण्याच्या पातळीसारखी सरळ दिसते. डर्मॉइडचं पुढे कॅन्सरमध्ये रूपांतर होणं शंभरात एक-दोन गाठींत दिसतं, त्यामुळे आत वाढणारा, शिरेतून दिलेला डाय घेऊन उजळणारा मांसल भाग शोधायचा असतो. तो नसेल तर इथे सीटी जवळपास छातीठोकपणे बोलू शकतो.

ही झाली सोपी गाठ. चरबी नसलेल्या गाठीत तोच सीटी तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखा होतो. पातळ पाणी, चिकट म्यूकस, महिनोन्‌महिने साचलेलं जुनं रक्त यांची घनता एकमेकांच्या इतकी जवळ असते की पडद्यावर तिन्ही करड्याच दिसतात. एंडोमेट्रिओसिसमधली चॉकलेट सिस्ट एमआरआयवर आपलं जुनं रक्त लगेच दाखवते. सीटीवर ती कुठल्याही सिस्टसारखी दिसते, आणि भिंत जरा जाड असली तर उगाच संशय निर्माण करते. सिस्टच्या आतल्या भिंतीवर उगवलेले दोन-तीन मिलिमीटरचे फुलकोबीसारखे कोंब कॅन्सरच्या बाजूला झुकवणारी मोठी खूण असते. योनिमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत ते स्पष्ट दिसतात आणि त्यांत रक्त वाहतंय का तेही डॉप्लरवर कळतं. सीटीच्या कापांत ते सहज हरवतात. म्हणूनच ओव्हरीच्या गाठींची जोखीम पायऱ्यांनी मोजणारी ओ-रॅड्स पद्धत सोनोग्राफीसाठी आहे, एमआरआयसाठी आहे, सीटीसाठी नाही. ती ठरवणाऱ्यांना सीटीचा विसर पडला असं कुणी समजू नये. हे काम कुठल्या यंत्राचं, याचा तो निवाडा आहे.

तरी सीटी गाठीच्या आतही काही खुणा दाखवतो, आणि त्या टाकाऊ नाहीत. सिस्टमधले पडदे 3 मिलिमीटरपेक्षा जाड, भिंत जाड आणि ओबडधोबड, द्रवाच्या मधोमध डाय घेऊन उजळणारा मांसल भाग, त्या मांसल भागात पुन्हा सडून काळा पडलेला पट्टा, गाठ दोन्ही बाजूंना, या गोष्टी जसजशा जमतात तसतसा संशय वाढतो. पण प्रत्येक खुणेला अपवाद चिकटलेला आहे. फायब्रोमा ही पूर्ण घट्ट गाठ असते, तरी ती साधी असते. तिच्याबरोबर कधी कधी पोटात आणि उजव्या छातीतही पाणी होतं. ज्यो मेग्ज यांनी 1937 मध्ये हे वर्णन नीट मांडलं, आणि गाठ काढली की पाणी आपोआप ओसरतं हे दाखवलं. ओव्हरी आणि नळीत झालेलं पुवाचं गळू जाड भिंतीचं, आत पडदे असलेलं, आजूबाजूची चरबी धुरकट करणारं असतं. ताप आणि दुखणं माहीत नसेल तर ते कॅन्सर म्हणून खपून जातं. उलट बाजूनं, बॉर्डरलाइन म्हणतात त्या गाठी पडद्यावर निरुपद्रवी सिस्टसारख्या निवांत बसलेल्या असतात.

यावर आक्षेप असा घेतला जातो की अभ्यासांमध्ये सीटीची अचूकता चांगली दिसते. अमेरिकेतल्या अनेक केंद्रांनी मिळून केलेला एक मोठा अभ्यास 1999 साली प्रसिद्ध झाला. त्यात कॅन्सर किती पसरलाय हे सांगण्यात सीटी आणि एमआरआय जवळपास बरोबरीनं उतरले. गाठीचं स्वरूप ओळखण्यात एमआरआय थोडा पुढे राहिला. हा निष्कर्ष मला मान्य आहे, पण अशा आकड्यांकडे पाहताना त्यात कुठल्या बायका होत्या, हे विचारावं लागतं. ऑपरेशनपर्यंत पोहोचलेल्यांमध्ये एका टोकाला पाणी आणि गोळे घेऊन आलेले उघड कॅन्सर असतात, दुसऱ्या टोकाला उघड साध्या सिस्ट. ही दोन टोकं कुठलंही यंत्र ओळखतं, आणि अचूकतेचा आकडा त्यांच्यावरच उभा राहतो. जिच्यासाठी खरोखर निर्णय अडलाय ती बाई मधल्या पट्ट्यात असते: एक गाठ, दोन जाड पडदे, पोटात कणभर पाणी. नेमक्या तिच्या बाबतीत सीटीचा आवाज क्षीण होतो. सगळ्यांची सरासरी तिला लावणं हा तिच्यावर अन्याय आहे.

म्हणून नजर गाठीबाहेर न्यायची. ओव्हरीचा कॅन्सर रक्तातून पसरण्याआधी पोटातल्या द्रवाबरोबर पसरतो, आणि त्या द्रवाला ठरलेली वाट आहे. आपण श्वास घेतो तेव्हा छाती आणि पोटामधलं श्वासपटल हलतं, त्याच्याखालचा दाब कमी होतो, आणि ओटीपोटातला द्रव वर ओढला जातो. डाव्या बाजूला आतड्याला बांधणारा एक पट्टा त्याची वाट अडवतो, म्हणून तो जास्त करून उजव्या कुशीतून, मोठ्या आतड्याच्या बाहेरच्या अंगानं यकृताकडे चढतो. त्याच्याबरोबर निघालेल्या पेशी वाटेत जिथे थांबतात तिथे रुजतात: गर्भाशयाच्या मागच्या खोलगट जागेत, उजव्या कुशीत, यकृत आणि श्वासपटलाच्या मधल्या फटीत, आणि ओमेंटमवर. ओमेंटम म्हणजे जठरापासून आतड्यांवर झालरीसारखा सुटलेला चरबीचा पदर. निरोगी पोटात तो सीटीवर स्वच्छ काळा, मधे बारीक शिरा असलेला दिसतो. त्यात आधी धूसरपणा येतो, मग साबुदाण्यासारखे दाणे, मग दाणे एकमेकांना मिळून पोटाच्या पुढच्या भिंतीमागे एक सलग जाड थर. डॉक्टर त्याला ‘ओमेंटल केक’ म्हणतात. हे सगळं पाहायचं तर मॉनिटरची विंडो, म्हणजे करड्या छटांची मर्यादा, अरुंद करावी लागते. नेहमीच्या विंडोत यकृताच्या कडेवरचा चार-पाच मिलिमीटरचा चपटा थर यकृतातच मिसळून जातो. विंडो आवळली की तो नखानं काढलेल्या ओरखड्यासारखा वेगळा होतो. आडवे काप संपले की उभे काप पाहायचे, कारण श्वासपटलाखालचा भाग आडव्या कापात नेहमीच फसवतो.

याच फेरीत जठर आणि मोठं आतडं पाहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. दोन्ही ओव्हऱ्या घट्ट, बऱ्यापैकी एकसारख्या सुजलेल्या असतील, तर मूळ रोग जठराचा असू शकतो. फ्रीडरिश क्रुकेनबर्ग यांनी 1896 मध्ये अशा गाठींचं वर्णन केलं, म्हणून आजही त्यांना त्याच नावानं ओळखतात. अपेंडिक्स फुगलेली, यकृताची कड चिकट द्रवानं खवल्याखवल्यांनी आत दाबलेली दिसली, तर गाठीचा उगम ओव्हरीत नसून अपेंडिक्समध्ये असण्याची शक्यता वाढते. ‘ओव्हरीची गाठ’ म्हणून आलेल्या बाईचं ऑपरेशन जठराच्या कॅन्सरसाठी एंडोस्कोपी न करताच झालं, तर तिचं जे नुकसान होतं ते भरून निघत नाही. मागणीपत्रावर ओव्हरी लिहिलेलं असलं तरी जठराची भिंत न पाहता केलेला रिपोर्ट अपुराच म्हणायला हवा.

आणि आपल्या देशात या सगळ्या चित्रावर क्षयरोगाची सावली आहे. पोटाचा टीबी ओव्हरीच्या पसरलेल्या कॅन्सरचं हुबेहूब सोंग घेतो: पोटात पाणी, जाड झालेलं ओमेंटम, ओव्हरीशी गाठ, वजन उतरलेलं, आणि सीए-125 वाढलेलं. या रक्ततपासणीची नेहमीची मर्यादा 35 धरतात. टीबीमध्ये आकडा शेकड्यांत जाऊ शकतो, आणि तो पाहून कॅन्सर नक्की करणं ही फार मोठी चूक आहे. सीटीवर काही फरक सापडतात. टीबीमध्ये पोटाचं अस्तर सहसा सारख्या जाडीनं, गुळगुळीत सुजतं. कॅन्सरमध्ये ते गुठळ्यागुठळ्यांचं होतं. टीबीच्या लसिकाग्रंथी मधे काळ्या आणि कडेनं उजळ अशा, आतड्यांच्या दुमडीत जमलेल्या दिसतात. लहान आतडं मोठ्या आतड्याला मिळतं तिथली भिंत जाड झालेली असते. पण यातली एकही खूण एकटीच्या बळावर उभी राहत नाही, आणि दोन्ही रोगांची चित्रं एकमेकांत बरीच मिसळतात. म्हणून विशीपंचविशीतल्या मुलीच्या रिपोर्टमध्ये ‘पसरलेला कॅन्सर’ एवढंच लिहिणं धोक्याचं आहे. तिथे टीबीचं नाव बरोबरीनं घ्यावं, आणि ऑपरेशनआधी सुईनं ओमेंटमचा तुकडा घेऊन तपासावा, कुठल्या जागेतून घ्यावा, हेही लिहावं. टीबी साधारण सहा महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. गर्भाशय आणि दोन्ही ओव्हऱ्या काढल्यावर पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्ये टीबी निघाला, तर त्या गोळ्या तिला काय परत देणार?

‘साधी की कॅन्सरची’ हा भेद इतका जड का, हे इथे उघड होतं. उलट्या दिशेची चूकही तेवढीच महाग असते. कॅन्सर एकाच ओव्हरीत, गाठीच्या आवरणाच्या आत असेल तर तो पहिल्या टप्प्याचा पहिला भाग. ऑपरेशन करताना आवरण फुटून द्रव पोटात सांडला, तर 2014 च्या फिगो वर्गीकरणानुसार त्याच पेशंटचा टप्पा 1ए वरून 1सी1 होतो, आणि जिला कदाचित फक्त ऑपरेशन पुरलं असतं तिच्यापुढे केमोथेरपीचा प्रश्न येऊन उभा राहतो. संशयाची गाठ ‘साधी सिस्ट’ म्हणून दुर्बिणीतून टोचून, पाणी काढून, तुकड्यांनी बाहेर ओढली गेली, तर हेच घडतं. त्याच कारणानं, पसरलेली नाही अशी गाठ सुईनं टोचून तपासायची नसते. पसरलेल्या रोगात ओमेंटमचा तुकडा घ्यावा, आणि ओव्हरीतच असलेल्या गाठीला सुई लावू नये, या दोन्ही गोष्टी एकाच सीटीवरून ठरतात. म्हणून त्या सीटीच्या रिपोर्टमध्ये त्या लिहिलेल्या असायला हव्यात.

कुणी म्हणेल, एमआरआय जास्त चांगला असेल तर सीटीचा आग्रह कशाला? प्रश्न बरोबर आहे, आणि मधल्या पट्ट्यातल्या पेशंटसाठी त्याचं उत्तर ‘एमआरआय करा’ हेच आहे. पण सीटीची गरज त्यानं संपत नाही. एमआरआयला अर्धा-पाऊण तास स्थिर पडून राहावं लागतं. पोटात पाणी भरून धाप लागलेल्या बाईला ते जमत नाही. सीटीत डाय शिरेतून गेल्यावर साधारण सत्तर सेकंदांनी, एका श्वासाच्या टप्प्यात छातीच्या तळापासून मांडीपर्यंत चित्र मिळतं. महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावांत सीटी मिळतो, ओव्हरीचा एमआरआय नीट करून वाचणारे मोजके. शिवाय अविवाहित मुलींची सोनोग्राफी आपल्याकडे सहसा फक्त पोटावरून होते. भरलेल्या मूत्राशयातून आणि आतड्यातल्या हवेतून दिसेल तेवढंच दिसतं, आणि डॉक्टर सीटीकडे वळतात. ही गैरसोय खरी आहे आणि ती नाकारून उपयोग नाही. मात्र किरणांचा हिशेबही विसरायचा नाही. पोटाच्या एका सीटीत साधारण 8 ते 10 मिलिसीव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो, निसर्गातून वर्षाला मिळणाऱ्या सरासरी 2.4 च्या तिपटी-चौपटीएवढा. कॅन्सरसारख्या शंकेत तो पूर्णपणे समर्थनीय आहे. पाळीच्या चक्रातल्या, दीड-दोन महिन्यांत आपसूक जिरणाऱ्या सिस्टसाठी पुन्हा पुन्हा केलेला सीटी नाही.

दुसरा आक्षेप जास्त माणुसकीचा आहे. नातेवाइकांना एक शब्द हवा असतो. ‘शक्यता’, ‘संशय’, ‘पुढील तपासणी आवश्यक’ हे वाचून त्यांना वाटतं डॉक्टर हात झटकतायत. रिपोर्टच्या शेवटी ‘क्लिनिकली कोरिलेट करावे’ एवढंच लिहून सुटका करून घेणाऱ्यांमुळे ही तक्रार उभी राहिली आहे, आणि ती योग्य आहे. पण त्यावरचा उपाय खोटी खात्री देणं हा नव्हे. बाजू घ्यावी आणि कारण द्यावं: ‘ओव्हरीची गाठ, मांसल भाग डाय घेतो, उजव्या कुशीत 6 मिलिमीटरचे दोन गोळे, जठर निरोगी, ओव्हरीचा कॅन्सर पहिला संशय, ओमेंटमच्या मध्यभागातून बायोप्सी शक्य.’ अशा चार ओळींत सर्जनला हवं ते सगळं असतं, आणि परळला टाटा हॉस्पिटलमध्ये रिपोर्ट घेऊन गेलेल्या कुटुंबाला तिथे नव्यानं शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही. त्यांच्या हातात मोठ्या पिशवीतल्या फिल्माच असतात, हे मात्र खटकतं. छापलेल्या फिल्मवर जाड कापांची निवडक, काडेपेटीएवढी चित्रं येतात, विंडो बदलता येत नाही, शिरेचा माग काढता येत नाही. जिच्यावर सगळे बारीक काप आहेत ती सीडी सोबत असेल, तरच दुसरा वाचणारा खरं दुसरं मत देऊ शकतो. सीडी आठवणीनं मागून घ्यावी.

एवढं करूनही सीटीच्या नजरेतून काही निसटतं. लहान आतड्याच्या पृष्ठभागावर आणि त्याच्या दुमडीत पसरलेले पाच मिलिमीटरहून बारीक दाणे त्याला बऱ्याचदा दिसत नाहीत, आणि तिथेच ते पसरलेले असतील तर सगळा रोग काढून टाकणं सर्जनला अशक्य होतं. म्हणून शंका असेल तिथे मोठी चीर देण्याआधी दुर्बीण आत घालून आतडी पाहतात. पहिल्या टप्प्याची वाटणारी गाठ न फोडता पिशवीत बाहेर काढतात, आणि ऑपरेशन चालू असतानाच ती पॅथॉलॉजीच्या खोलीत पोहोचते. तिथे तुकडा गोठवून, पातळ काप काढून, रंगवून पाहायला वीसेक मिनिटं लागतात. टेबलावर पोट उघडं असतं, भुलीचं मशीन चालू असतं, आणि दुसऱ्या ओव्हरीला हात लावायचा की नाही हे ठरायचं असतं. फोन वाजतो, तेव्हा सीटीचा रिपोर्ट भिंतीवरच्या पडद्यावर उघडाच असतो. पॅथॉलॉजिस्ट विचारतात, ‘जठर पाहिलं होतं का?’